अंगणवाडी सुटल्यावर

वादाला निमित्त झालं पाळणाघराच्या फीवाढीचं. भाच्याचं भोसरीत वाहनांचे सुटे भाग करणारं छोटं वर्कशॉप आहे, बायको बँकेत, मुलगी दीड वर्षाची. सोसायटीला लागून असलेल्या पाळणाघराची फी आधीच पाच आकडी होती, ती जूनपासून आणखी वाढली. त्याची मावशी बीड जिल्ह्यात एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका होती. वीस-पंचवीस अंगणवाड्यांची देखरेख करून निवृत्त झालेली ही बाई चार दिवस भाच्याकडे राहायला आली होती. फीचा आकडा ऐकून तिने एवढंच विचारलं, की मुलांना प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या बायांच्या हातात यातलं किती पडतं.

“ते मला कसं माहीत असणार?” भाचा म्हणाला. “मुलगी सुरक्षित आहे, कॅमेऱ्यातून मोबाइलवर कधीही बघता येते, आणि त्याचे पैसे मी मोजतो. मूल माझं, खर्च माझा. ज्याला जसं परवडेल तसं त्याने करावं. यात कुणावर अन्याय होतो?”

“काल पोरीला आणायला मी गेले होते ना, तेव्हा तिला भरवणाऱ्या ताईंशी बोलत बसले. त्यांचं धाकटं लेकरू दोन वर्षांचं आहे. ते दिवसभर कुणाकडे असतं?”

भाच्याने अर्थातच हे कधी विचारलं नव्हतं. मावशीने विचारलं होतं. ताई सकाळी सातला घर सोडतात. नवरा रात्रपाळीचा वॉचमन, तो तेवढ्यात येऊन झोपतो. लेकरू त्याच्या उशाशी, दाराला आतून कडी. साडेबाराला नऊ वर्षांची थोरली शाळेतून आली की धाकट्याचा ताबा तिच्याकडे. सकाळची पोळी चहात कुस्करून ती त्याला भरवते. बाप दुपारी दुसऱ्या कामाला गेला की घरात ही दोघंच. धाकटा तापाने फणफणला, तर थोरलीची शाळा बुडते. ताईंनी रजा घेतली, तर पगार कापला जातो. शाळा बुडाल्याने काही कापलं जात नाही, असा तो हिशेब.

“तुझ्या पोरीला खिचडी किती मऊ लागते, कोणत्या कुशीवर झोप लागते, हे त्या ताईंना पाठ आहे,” मावशी म्हणाली. “त्यांच्या लेकराला त्या भेटतात संध्याकाळी साडेसातनंतर.”

शहरातल्या मध्यमवर्गाची बालसंगोपनाची घडी अशी बसलेली आहे. हे काम यंत्राने होत नाही. एका बाईला तीन-चारच तान्ही मुलं धडपणे सांभाळता येतात, त्यामुळे तिला पोटभर पगार द्यायचा तर तो तीन-चार घरांतूनच निघायला हवा. तसा तो काढला, तर बँकेतल्या सुनेलाही फी झेपणार नाही. म्हणून फी आवाक्यात ठेवण्याची सोपी वाट निघते ती बाईच्या पगारातून. आणि तो पगार इतका कमी, की ज्या पाळणाघरात ती काम करते तिथे स्वतःचं मूल ठेवणं तिला स्वप्नातही शक्य नाही.

“मग अंगणवाडी आहे की!” भाचा म्हणाला. “फुकट, घराजवळ, आणि तुझंच खातं.”

इथे मावशी सरसावून बसली. अंगणवाडी म्हणजे गरिबांचं पाळणाघर, ही समजूत तिने आयुष्यभर खोडली होती. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत ही योजना सुरू झाली ती पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शाळापूर्व शिक्षण यांसाठी. आई कामावर गेल्यावर मूल कुठे राहणार, हा प्रश्न तिच्या रचनेत धरलेलाच नव्हता. तीन ते सहा वर्षांची मुलं तीन-चार तास बसतात, गाणी म्हणतात, गरम आहार घेतात आणि घरी जातात. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, वजन-उंची मोजली जाते, बस्स. म्हणजे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचं मूल, ज्याला क्षणभर एकटं सोडता येत नाही, त्याच्यासाठी तिथे दिवसभराची जागाच नाही. तीन वर्षांवरच्याला आहे, पण दुपारी दाराला कुलूप लागेपर्यंत. धुणीभांडी करणारी, बांधकामावर जाणारी, खुरपणीला जाणारी आई दुपारी परत येत नसते.

वास्तविक महाराष्ट्रात या प्रश्नाला फार आधी हात घातला गेला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहावं लागतं म्हणून थोरली मुलं शाळेत येत नाहीत, हे त्यांना वाड्यापाड्यांवर हिंडताना दिसलं. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली ती त्यामुळे. थोरलीने धाकट्याला कडेवर घेऊन यावं, त्याला पाळणाघरात सोडावं आणि स्वतः वर्गात बसावं. अंगणवाडी हे नाव पुढे देशभर गेलं; तिच्या शेजारचा पाळणा मागे राहिला. भोसरीतल्या त्या नऊ वर्षांच्या मुलीला आज नेमका तोच हवा आहे.

भाच्याने हे ऐकून घेतलं, पण त्याचा खरा सल वेगळा होता. “दर वेळी शेवटी बिल मालकाच्या नावावर फाडतात,” तो म्हणाला. “1948 च्या कारखाने कायद्यात तीसहून जास्त बायका कामावर असल्या की पाळणाघर सक्तीचं होतं. मग मालक काय करायचा? एकतिसावी बाई घ्यायचाच नाही. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा सव्वीस आठवडे, आणि पुरुष-बाई मिळून पन्नास जण झाले की पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं. सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचाच आकडा ठेवलाय. माझ्या रजिस्टरवर शेहेचाळीस जण आहेत. पन्नासावा माणूस घेताना मी दहा वेळा विचार करतो. ईएसआयमध्ये असलेल्या बाईच्या बाळंतपणाच्या रजेचा पगार विमा महामंडळ देतं, पण त्याला 21,000 रुपये पगाराची मर्यादा. त्यावरच्या पगाराचा भार माझा. आणि पाळणाघराचा तर एक रुपयाही कुणी देत नाही. मोठी कंपनी भिंती रंगवून, खेळणी मांडून फोटो काढते. आम्ही काय करायचं?”

मावशी या मुद्द्यावर त्याच्याशी भांडली नाही. उलट तिने त्याला एक जुना दाखला दिला. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणीकामगार बायांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला होता. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा, असंही त्यांनी तेव्हा मांडलं होतं. 1929 मध्ये कायदा झाला, पण भार मालकावरच राहिला. ज्या काळात हे घडलं त्या काळात गिरणगावातल्या आया पाळीवर जाताना तान्ह्याला अफूची बाळागोळी देऊन झोपवत. त्या काही निर्दय नव्हत्या. आठ-दहा तास तान्हं एकटं राहणार होतं आणि रडून रडून ते निळं पडू नये, एवढाच उपाय त्यांच्याजवळ उरला होता.

“म्हणजे मला मान्य आहे,” मावशी म्हणाली, “खर्च एकट्या मालकावर टाकला, की तो बाईला नोकरीच देत नाही. पण तू दुसरी बाजू बघ. मालकामार्फत दिलेली सोय ज्यांना मालक आहे त्यांनाच मिळते. दहातल्या नऊ कामकरी बाया असंघटित आहेत. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? भाजी विकणारीच्या रजिस्टरवर किती माणसं? पगाराची स्लिप जितकी भारी, तितकं पाळणाघर चांगलं. स्लिपच नसेल, तर काही नाही.”

“म्हणून तर म्हणतो, रोख द्या,” भाचा म्हणाला. “लाडकी बहीण आहेच. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिन्याला 1,500 रुपये. शेजारणीला देईल, सासूला देईल, काय करायचं ते तिचं ती ठरवेल. सरकारी पाळणाघर म्हणजे गळकं छत आणि रजेवर गेलेली सेविका. त्यापेक्षा आईला अक्कल जास्त असते.”

“आईला अक्कल असते, यात वाद नाही. ते दीड हजार नावाने आले, स्वतःच्या खात्यात आले, याचं बाईला किती बळ वाटतं हे मी पाहिलंय. पण ते जातात किराण्यात, औषधात, वह्या-पुस्तकांत. त्यात दिवसभर सांभाळणारं माणूस बसत नाही. दिवसाला पन्नास रुपयांत तू कुणाला दहा तास बसवशील? आणि बसवलंस, तर ती बाई तरी काय खाणार?”

मग तिने असा एक तपशील काढला, की भाचा जरा गप्प झाला. मिळकतीप्रमाणे फी आकारणारं सरकारी पाळणाघर आपल्याकडे कागदावर होतं आणि काही काळ जमिनीवरही होतं. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराने मुलामागे महिन्याला 20 रुपये द्यायचे, 12,000 रुपयांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्याने 100, त्यावरच्याने 200. सहा महिने ते सहा वर्षांची पंचवीस मुलं, महिन्याला 26 दिवस, दिवसाला साडेसात तास. एकेकाळी देशात अशी वीस हजारांहून जास्त केंद्रं होती. 2017 मध्ये केंद्राचा वाटा 90 वरून 60 टक्क्यांवर आला, तीस टक्के राज्याचे आणि दहा टक्के संस्थेचे ठरले. अनेक संस्थांना ते पेललं नाही. 2020 च्या सुमाराला केंद्रं साडेसहा हजारांच्या घरात उरली. तिथल्या सेविकेचं मानधन होतं महिना 3,000 रुपये, मदतनिसाचं 1,500. आता ‘पाळणा’ या नावाने योजना पुन्हा बांधली गेली आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आणि अशी 17,000 केंद्रं उभारायची असं तिचं उद्दिष्ट आहे. कल्पना अगदी बरोबर आहे. पण देशात अंगणवाड्या आहेत जवळपास चौदा लाख. शंभरातल्या एखाद-दुसरीच्या वाट्याला पाळणा येणार.

“तू तीन हजारांवर बाई ठेवतेस आणि मग दर्जा नाही म्हणून मी ओरडलो की मला दोष,” भाचा म्हणाला. हा घाव वर्मी होता. मावशीच्या खात्याचीच ती दुखरी नस. केंद्राकडून अंगणवाडी सेविकेला 2018 पासून 4,500 रुपये मानधन. राज्य त्यात भर घालतं, पण त्यासाठी सुद्धा डिसेंबर 2023 पासून दीड महिन्याहून अधिक काळ संप करावा लागला. मावशीने मान हलवली आणि मग त्याला ऊसतोडीच्या फडावर नेलं, म्हणजे बोलण्यातून.

दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मजूर मोजायचं एकक आहे ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल फिटते तोडलेल्या टनांवर. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर चढतात. त्यामुळे लेकरू आजारी आहे म्हणून बाई कोपीत थांबू शकत नाही. पहाटे चारला भाकरी बांधून ती निघते, तान्हं गोधडीत गुंडाळलेलं. फडाच्या कडेला वाढ्यांचा भारा रचून त्याच्या आडोशाला त्याला निजवतात. उजाडलं, की ऊन फिरेल तशी गोधडी सरकवायची. ते काम सात-आठ वर्षांच्या बहिणीचं. आई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढते, उतरते, मधेच पाजायला येते ते उसाच्या कुसळांनी सोललेल्या हातांनी. ट्रॅक्टर अंधारात मागे घेतला जातो. जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात तर उसात बिबटे वावरतात.

“माझ्या रजिस्टरमध्ये त्या लेकरांची नावं असायची,” मावशी म्हणाली. “वजनाचा रकाना नोव्हेंबरपासून कोरा. एप्रिलात परत आली की वजन करायचं, आणि ते बघून मला त्या आईकडे मान वर करून बघवायचं नाही. नाव गावात, लेकरू फडात. हंगामी वसतिगृहं निघाली, चांगलंच झालं, पण ती शाळकरी मुलांसाठी. दोन वर्षांचं लेकरू कोण वसतिगृहात ठेवील? कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. आता सांग, हिच्या हातात तू रोख दे. ती फडावर पाळणाघर कुठून विकत आणणार?”

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, की आपल्याकडे आजी नावाची व्यवस्था होती, ती मोडली म्हणून हे सगळं. सरकारने पाळणाघरं काढण्यापेक्षा घरं एकत्र राहतील असं बघावं.

हा युक्तिवाद मराठी घरांत फार लाडका आहे, म्हणून त्याला थोडं थांबून उत्तर द्यायला हवं. पेन्शन असलेली आजी नातवंडाला सांभाळू शकते. तिच्यासाठी फ्लॅटमध्ये एक खोली असते, गावाकडच्या घराला कुलूप लावून ती चार-सहा महिने येऊन राहते. मजुराच्या घरातली आजी पंचावन्नाव्या वर्षीही कापूस वेचायला जाते, कारण तिची मजुरी थांबली तर चूल थांबते. ती शहरात आलीच, तर दहा बाय बाराच्या खोलीत झोपणार कुठे? आजीचा वेळ फुकट असतो, असं ज्याला वाटतं त्याच्या घरात कुणीतरी तो आधीच विकत घेतलेला असतो. उत्पन्नाने पाळणाघर ठरतं, तशी आजीही ठरते. आणि या चर्चेत आजोबांचं नाव निघत नाही. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयाच्या दर शंभर बायांपैकी सुमारे 41 जणी घरच्यांच्या संगोपनात गुंतलेल्या आढळल्या, पुरुष 21 च्या आसपास.

भाच्याजवळ अजून एक पत्ता होता. कॅनडात असलेल्या मित्राकडून त्याने क्वेबेक प्रांताचं ऐकलं होतं. तिथे 1997 मध्ये दिवसाला पाच डॉलर या दराने सगळ्यांना पाळणाघर द्यायला सुरुवात झाली. आयांची नोकरी वाढली, हे खरं. पण घाईने काढलेल्या जागांमध्ये दर्जा घसरला, काही अभ्यासांत मुलांच्या वागण्यावर वाईट परिणाम दिसले, आणि चांगल्या केंद्रांतल्या जागा सुखवस्तू घरांनी आधी पटकावल्या. “बघ, सगळ्यांना दिलं तरी शेवटी मिळतं कुणाला?” भाचा म्हणाला. मावशीने विचारलं, की मग त्यांनी ते बंद केलं का. बंद केलं नव्हतं. उलट 2021 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने दिवसाला दहा डॉलरच्या पाळणाघरांसाठी देशभर पैसा ओतायचं ठरवलं. “म्हणजे जागा कमी आणि बायांना शिकवलेलं कमी, तर जागा वाढवा आणि बायांना शिकवा. दुसरं काय?”

जवळची उदाहरणंही आहेत. कर्नाटकाने 2023 मध्ये रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतींत ‘कूसिना मने’ ही पाळणाघरं काढायला घेतली. मोबाइल क्रेशेस या संस्थेची सुरुवात 1969 मध्ये दिल्लीच्या बांधकामावर एका तंबूत झाली. काही वर्षांत ते काम मुंबईत आणि मग पुण्यात आलं. बिल्डरने शेड, पाणी, वीज द्यायची, संस्थेने बाया तयार करायच्या, मजुरांच्या तळावरच पाळणा बांधायचा. जो पत्ता बदलतो त्याच्यामागे सोयही हलवता येते, हे त्या कामाने पन्नास वर्षं दाखवलं आहे. बांधकामावर किमान एक टक्का उपकर गोळा होतो, ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले. म्हणजे पैशाची वाट आखलेली आहे. त्या वाटेवर तान्ह्या मुलाचं नाव कुणी वरच्या ओळीत लिहीत नाही, ही अडचण आहे. मतदानाचं वय अठरा असल्याने ते स्वतः ओरडू शकत नाही, आणि त्याच्या आईला सभेला जायला सवड नाही.

रात्री जेवणं झाल्यावर भाचा पुन्हा या विषयावर आला, तो स्वतःहून. कायद्यात सामायिक पाळणाघराची मुभा आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या गल्लीत पाच शेड आहेत. पाच जणांनी मिळून एक गाळा घेतला, तर प्रत्येकाच्या अंगावर येणारा खर्च त्याने मोबाइलवर मांडून पाहिला. भाडं, चार बायांचे पगार, दूध, जेवण. आकडा त्याला वाटला होता तितका भयंकर निघाला नाही.

“पगार किती धरलास?” मावशीने विचारलं.

त्याने सांगितला.

“किमान वेतनाएवढा धर. आणि वेळ? तुझी पहिली पाळी सातला लागते. पाळणाघर नऊला उघडून चालायचं नाही.”

त्याने आकडे बदलले. मग मावशीने विचारलं, की झाडलोट आणि पॅकिंगच्या कंत्राटी बायांची मुलं यात धरली आहेत का. धरलेली नव्हती. त्या ठेकेदाराच्या, त्याच्या रजिस्टरवर नाहीत. धरल्या तर त्याच्याकडची माणसं साठाच्या पुढे जातात, हेही त्यानेच सांगितलं.

“त्यांची लेकरं कुठे असतात दिवसभर?”

“एक-दोन जणी आणतात बरोबर. गेटपाशी वॉचमनच्या केबिनमागे बसवतात.”

“मग ती दोन आधी लिही.”

भाचा म्हणाला, शेजारच्या चौघांना हे पटवणं सोपं नाही, त्यातले दोघे तर नियमाचं नाव काढलं की उठून जातात. निम्मा खर्च औद्योगिक महामंडळाने किंवा महापालिकेने उचलला तरच ते बसतील, आणि तसा अर्ज कुणाकडे करायचा हे त्याला माहीत नाही. मावशीने तिच्या पर्समधून डायरी काढली. अर्ज कसे लिहायचे आणि कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहतात, हे तिला नोकरीने शिकवलं होतं. तिचं परतीचं तिकीट बुधवारचं होतं. चौघांचे फोन नंबर आत्ताच दे, ती म्हणाली.